पुन्हा पहिला सोमवार

“मी परत येईन तोवर कडूबाईला मोकळी करून टाक.”

ह्यांनी हे उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, पायात वहाणा सरकवता सरकवता. सन अठ्ठेचाळीस, पाडव्याचा दुसरा दिवस. हातात एक पिशवी, तिच्यात दोन धोतरं आणि मी बांधून दिलेल्या दशम्या. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या, सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात निघाले होते.

“ती तुझ्या माहेरची आंदण. तिच्यावर माझा शब्द चालत नाही, तुझा चालतो. आम्ही तिकडं बसून स्वातंत्र्य मागायचं आणि घरात बटीक पाणी भरतीय, हे बरं दिसत नाही, शिवकांता.”

मी ‘बरं’ म्हणाले. लहानपणापासून मी सगळ्यालाच बरं म्हणत आले आहे. आवाज चढवून कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं लोक मला चांगली समजतात.

आमचं गाव नळदुर्गाच्या खाली, बोरीच्या काठावर. तेव्हा गाव मोगलाईत होतं, निजामाच्या राज्यात. नदी मात्र गावाखालून तीन कोस गेली की पलीकडच्या मुलखात शिरायची, अक्कलकोटाकडं. पुढं किराणा दुकान, मागं आमचं माळवदाचं घर. घरात माझ्या सासूबाई लक्ष्मम्मा, ज्यांना सगळं गाव अव्वा म्हणतं, मी आणि कडूबाई.

माझ्या लग्नात आईनं भांडी दिली, दोन म्हशी दिल्या आणि कडूबाई दिली. मी चौदाची, ती सोळाची. तिची आई आमच्या माहेरी बटीकच होती, जन्माची दासी. आधीची तीन लेकरं गेली म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. बटीक ठेवायची नाही असा सरकारी कायदा कधीचाच झालाय, असं हे म्हणायचे. आमच्याकडं तो कुणी वाचला नव्हता.

आमच्या घरी आल्यावर तिला एक मुलगी झाली. भागीरथी. बाप कोण, हे घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या नणंदेचं लग्न झालं, तेव्हा अव्वा म्हणाल्या, “वहिनीकडून काय?” आंदणाची मुलगी ती आंदणच. मी भागी दिली. ती तेव्हा सहा वर्षांची होती. नणंदेचं सासर अक्कलकोटात. गाडी निघाली तेव्हा भागी मागं तोंड करून बसली होती आणि कडूबाई गोठ्यातल्या शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. पाटी उतरवायचं तिला कुणी सांगितलं नाही.

ह्यांच्या जाण्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. हे सुखरूप परत यावेत म्हणून मी सोळा सोमवार धरले.

माझी आई इरम्मा व्रताच्या बाबतीत कडक. तिनं शिकवलेलं असं. सोमवारी दिवसभर उपास. लिंगपूजेला वाहतं पाणी, तेही सूर्य उगवायच्या आत भरलेलं. संध्याकाळी गहू, गूळ, तुपाचा अळणी चुर्मा. मीठ जिभेला लागता कामा नये. लागलं तर झालेले सगळे सोमवार वाया, मोजणी पहिल्यापासून. सोळा पुरे झाले की स्वामींना बोलावून उद्यापन.

वाहतं पाणी म्हणजे नदीचं. आणि नदीचं पाणी आणायची कडूबाई. व्रत माझं होतं, पहाटे उठायची ती. यात काही वेगळं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

त्या पहिल्या सोमवारी तिनं तांब्याची घागर घडवंचीवर ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

“अक्का, मालक काय म्हणले ते म्या ऐकलं.”

“मग?”

“मग काय न्हाय. ऐकलं म्हणून सांगितलं.” ती हसली. तिचा वरचा एक दात पडलेला होता, म्हणून हसताना ती पदर तोंडावर धरायची. “म्या लांब न्हाय जायची. अक्कलकोटाला जाईन, भागीला घीन. दोघी मिळून कुणाच्या बी रानात खुरपू. तेवढी चिठ्ठी द्या. तुमच्या हातची चिठ्ठी असल्याबिगर धाकल्या ताई पोरगी सोडायच्या न्हाईत.”

“व्रत धरलंय ना आता,” मी म्हणाले. “व्रतात घरातलं माणूस हलवू नये. उद्यापन होऊ दे. त्याच दिवशी स्वामींच्या देखत तुला मोकळी करते, चिठ्ठी देते.”

असा नियम आईनं मला सांगितलेला नव्हता. तो मी त्याच क्षणी केला.

“शपत?”

मी गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. “भागी तुझ्या हातात येईल. हा माझा शब्द.”

तिला मोजता येत नव्हतं. तिनं चुलीजवळच्या गेरूच्या वाटीत बोट बुडवलं आणि घडवंचीमागच्या भिंतीवर एक ठिपका दिला. मग दर सोमवारी एक.

चैत्र गेला, वैशाख गेला. बातम्या वाईट येऊ लागल्या. शेजारच्या एका गावात रझाकारांनी गंजी पेटवल्या. दुकानं बंद राहू लागली. बायका नदीवर एकेकट्या जाईनात. खाली उताराजवळ, जिथं नदी पायी ओलांडता येते, तिथं बंदूकवाले बसले. पलीकडं कुणी जाताना दिसलं की गोळी घालतात, असं लोक म्हणायचे. कडूबाई मात्र रोज पहाटे जाऊन घागर भरून यायची.

शेजारचे गुरुसिद्धप्पा बायकापोरांना घेऊन आडवाटेनं पलीकडं जायचं ठरवत होते. तीन गाड्या. त्यांनी दिवस धरला तो माझ्या सोळाव्या सोमवारनंतरचा मंगळवार. कडूबाईनं जाऊन गाडीत जागा मागितली.

“कडे, तू बसलीस तर माझे बैल बसतील,” ते म्हणाले.

“मग म्या वढते गाडी, मालक. तुमी अन् बैल दोघं आत बसा.”

त्यांनी हसून जागा दिली.

ती बदलली. भाकरी थापताना गुणगुणू लागली. माझ्या एका विटक्या इरकलीचा तुकडा मागून घेतला आणि दुपारी सावलीत बसून चोळी शिवू लागली. माप कुठलं? डोळे मिटून हवेत दोन्ही हात धरायची. “एवढी असंल का हो अक्का आता? का एवढी?” दोन हातांत कधी वीतभर अंतर असायचं, कधी दोन विती. चोळी दोनदा उसवली, तिसऱ्यांदा जरा मोठीच शिवली. “ढगळ झाली तर वाढंल की तिच्यात.”

अव्वांना ती म्हणायची, “अव्वा, तुमच्या पायाला तेल चोळायला आता सरकारी माणूस ठिवा.”

अव्वा तिच्यापुढं हसायच्या. ती गेली की मला म्हणायच्या, “ही गेल्यावर माझं कोण करणार? तू? तुझे हात पूजेचे.”

माझ्या मनात घर फिरत राहायचं. झाडलोट, शेण, म्हशी, दळण, अव्वांचं हागणं-मुतणं. बाहेर रझाकार, घरात पुरुष नाही आणि आम्ही दोघी बायका. जप करताना मणी बोटातून सरकायचे आणि मी मनात भांडी मोजत असायची.

पंधरावा सोमवार आला. भिंतीवर चौदा ठिपके होते, त्या सकाळी पंधरावा पडला. कडूबाई मागच्या अंगणात म्हशीला पाणी दाखवत होती. अव्वांसाठी मी आमटी चुलीवर ठेवली होती. मिठाच्या गाडग्यात हात घातला, आमटीत चिमूट टाकली. बोटांत एक खडा राहिला, ज्वारीच्या दाण्याएवढा.

तो मी जिभेवर ठेवला.

चुकून नाही. चांगला विरघळेपर्यंत तोंड मिटून उभी राहिले. चुलीतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला तेवढाच.

दुपारी मी कडूबाईला सांगितलं. “आमटीची चव बघताना विसरलेच बघ. मीठ लागलं.”

ती चोळीला बटणं लावत होती. सुई थांबली.

“मग आता?”

“मोजणी पहिल्यापासून.”

“म्हंजी सोळा?”

“सोळा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं काही बोलेल. रडली असती तर मी कदाचित तिथंच चिठ्ठी लिहिली असती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ती म्हणाली, “बरं, अक्का.” माझ्याच आवाजात म्हणाल्यासारखं. मग उठली, ओल्या फडक्यानं भिंतीवरचे पंधरा ठिपके पुसले. भिंतीवर तांबूस धुकं राहिलं.

ज्या सोमवारी उद्यापन व्हायचं, तो पहिला सोमवार झाला. दुसऱ्या दिवशी गुरुसिद्धप्पांच्या गाड्या निघाल्या. ती दारात उभी होती.

“चिठ्ठी नसली तर नसू दे,” ते म्हणाले. “बस तू.”

“चिठ्ठीबिगर जाऊन काय करू, मालक? त्यांच्या दारात हुबी राहू?”

गाड्या गेल्या.

त्याच्या पुढच्या सोमवारी ती पाण्याला गेली ती आली नाही.

उजाडता उजाडता खालच्या अंगाला बार झाल्याचा आवाज मी ऐकला. एकच. कावळे उठले, फिरले, परत बसले. नदीला पाणी होतं, वर कुठं तरी पाऊस झाला होता. ऊन अंगणात आलं तेव्हा मी आणि शेजारच्या दोघी काठावर गेलो. धुण्याच्या दगडावर तांब्याची घागर सरळ उभी होती, काठोकाठ भरलेली. शेजारी चुंबळ. बाकी काही नव्हतं, ना माणूस, ना रक्त, ना चिंधी.

“पळाली असंल,” एक म्हणाली.

“अन् गोळी?”

नदी तिकडंच वाहत होती, पलीकडच्या मुलखाकडं.

मी विचार केला. पळून जाणारी बाई आधी घागर भरून दगडावर ठेवत नाही. मग लक्षात आलं की कडूबाईनं ठेवली असती.

आता जे लिहिते ते लिहायला मला फार दिवस लागले. मी ती घागर उचलून घरी आणली. सोमवार होता. पूजा राहिली होती आणि ते पाणी सूर्य उगवायच्या आतलं होतं. त्याच पाण्यानं मी लिंगाला स्नान घातलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि लिंगावरचं तीर्थ तोंडात घेतलं.

तीर्थ खारट होतं.

पहिल्यांदा मी कारण शोधलं. पुराचं पाणी, काठची खारवट माती. अव्वांना चाखायला दिलं. “गोड तर आहे,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा घोट घेतला. आमटीत मीठ जास्त पडावं तसं. उपासाच्या दिवशी जिभेला मीठ लागलं होतं. सोमवार गेला. मोजणी पहिल्यापासून.

मंगळवारी सकाळी मी मागच्या विहिरीवर पाण्याला निघाले. घडवंचीवरची घागर उचलायला गेले तर उचलेना. भरलेली होती.

अव्वांना उठून चार पावलं चालवत नाही. शेजारणींना विचारलं. त्यांनी एकमेकींकडं बघितलं. “तुझ्या घरात आम्ही कशाला पाणी भरू ग?”

बुधवारी घागर भरलेली. गुरुवारी भरलेली. मी दोन्ही दारांना आतून अडसर घातला. उंबऱ्यापासून घडवंचीपर्यंत ज्वारीचं पीठ भुरभुरलं. सकाळी अडसर जागच्या जागी, पिठावर मुंगीसुद्धा फिरली नव्हती. घागर काठोकाठ. बुडाला नदीची बारीक वाळू. घागरीच्या बाहेरून ओघळ आले होते, वाटेत डोक्यावर हिंदकळल्यावर येतात तसे.

सोमवारी भिंतीवर गेरूचा एक ठिपका होता. ओला.

मी पूजेला बसले. तीर्थ घेतलं. खारट. वळून बघितलं तर भिंतीवर ठिपका नव्हता. ओलं फडकं फिरवल्याचा पट्टा होता फक्त.

पुढच्या सोमवारी मी ते पाणी अंगणात ओतून दिलं आणि स्वतः नदीवर गेले. वरच्या अंगाला, खडकातून जिथं धार पडते तिथं. स्वतःच्या हातानं भरलं, स्वतःच्या डोक्यावर आणलं. मान अवघडली, पदर भिजला. बारा वर्षांत मी नदीवरून घागर आणलेली ती पहिलीच. तीर्थ घेतलं.

खारट.

त्यानंतर भिंतीवर एकच ठिपका यायचा आणि पुसला जायचा. दोन कधी झाले नाहीत. माझा दर सोमवार पहिला होता. बाकीच्या सहा दिवशी पाणी गोड असायचं.

एके दिवशी मी अव्वांना सांगून टाकलं. ठिपका, पीठ, पाणी, सगळं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पायांची बोटं दाबत राहिल्या.

“मीठ खाताना मी बघितलं होतं तुला,” त्या म्हणाल्या. “पडवीतनं चूल दिसती.”

मी वळून चुलीकडं बघितलं.

“बोलला का नाहीत?”

“मला बरं वाटलं म्हणून.” त्यांनी डोळे वर केले नाहीत. “तिनंबी बघितलं. मागच्या दारात हुबी होती, रिकामी बादली घेऊन. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती म्हशीकडं गेली.”

म्हणजे त्या दुपारी, सुई थांबली तेव्हा, तिला ठाऊक होतं. तरी तिनं विचारलं होतं, मग आता?

तिनं मला एक जागा करून दिली होती, खरं बोलायला. मी सोळा म्हणाले.

भाद्रपदात एका सोमवारी पहाटे नळदुर्गाच्या बाजूनं तोफा ऐकू आल्या. माळवदाची माती अंगावर पडली. चारपाच दिवसांत सगळं संपलं. रझाकार गेले, उतारावरचे बंदूकवाले गेले, निजामाचं राज्य गेलं. गुरुसिद्धप्पांच्या गाड्या परत आल्या. सरहद्द म्हणून काही उरलं नाही. कुणीही उठावं आणि चालत अक्कलकोटाला जावं. कडूबाई सहा आठवडे थांबली असती तर.

कुणाच्या शब्दावर ती थांबणार होती, हा भाग वेगळा.

पंधरा दिवसांनी हे आले. दाढी वाढलेली, पायाला जखम. ओसरीवर गाव जमलं. ह्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला. गटागटा प्यायले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, “कडूबाई कुठाय?”

“गेली,” मी म्हणाले.

शेजारणी खाली बघत होत्या. ह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते लोकांकडं वळले. “बघा. दिल्लीच्या फौजा यायच्या आधी आमच्या घरात स्वातंत्र्य आलं. माझ्या बायकोनं आणलं.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी पदर सारखा केला.

लोक गेल्यावर हे खांबाला टेकले. “येताना ताईकडं उतरलो होतो, अक्कलकोटात. एक दिवस राहिलो. भागी चांगली उंच झालीय ग. तू ती चिठ्ठी द्यायला विसरलीस का?”

मी रिकामा तांब्या उचलला.

“नाही, भागीच म्हणाली. तिची आई येते म्हणे दर सोमवारी, सकाळी सकाळी. परसदारी उभी राहते. आत ये म्हटलं तर येत नाही. म्हणते, चिठ्ठी न्हाय.” त्यांनी जखमेवरची माशी हाकलली. “जवळपास कुठं तरी कामाला राहिली असेल. ताई म्हणते मला तर कधी दिसली नाही, पोरगी बनवून सांगते. पण पोर कशाला बनवून सांगेल? तिच्या अंगात नवी चोळी होती. इरकलीची. आईनं दिली म्हणाली.”

आतून अव्वांचा हुंकार आला.

“मापात होती?” मी विचारलं.

“काय?”

“चोळी.”

“जरा ढगळ होती,” हे म्हणाले. “का ग?”

मी ह्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. मिठाचा खडा केवढा होता तेही सांगितलं. बंदुकीचा बार, दगडावरची घागर, त्या पाण्यानं केलेली पूजा. आवाज चढला नाही. माझा आवाज चढत नाही.

ह्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, “मी आत्ता लोकांपुढं बोललो.”

“हो.”

“तू बोलू दिलंस.”

“हो.”

ते उठले, लंगडत अंगणात गेले, परत आले. “मी जातो. मी आणतो भागीला. ताई मला नाही म्हणणार नाही.”

“तुमच्या शब्दावर ती सुटत नाही,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगितलं होतं.”

दुकानातली दौत वाळली होती. पाणी घालून शाई केली. मी फार शिकलेली नाही, अक्षर मोठं आहे. लिहिलं: कडूबाई आणि तिची मुलगी भागीरथी या यापुढं कुणाच्या नाहीत. मुलीला सोडावं. खाली नाव.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी भिंतीकडं बघितलं नाही. लिंगपूजा केली, ती रोजचीच. सोमवार मोजणं सोडलं होतं. दशम्या बांधल्या, चार जास्त.

“भागीला काय सांगशील?” अव्वांनी विचारलं.

“खरं.”

“ती तुझ्याबरोबर येईल?”

“नाही आली तरी चालेल. चिठ्ठी तिची आहे. कुठं जायचं ते ती बघेल.”

हे वेशीपर्यंत आले. तिथून त्यांना परत पाठवलं.

उताराला पाणी गुडघाभर होतं. बंदूकवाल्यांची झोपडी रिकामी, तिच्यात शेळ्या बसलेल्या. मी चिठ्ठी दुमडून अंबाड्यात खोवली, लुगडं वर घेतलं आणि पाण्यात शिरले. मधे ओढ होती. एकदा पाय सरकला. सावरले.

पलीकडच्या काठावर रात्रीच्या पावसानं वाट धुतली होती. काळी माती, साय धरल्यासारखी गुळगुळीत. तिच्यावर गुराचा खूर नव्हता की गाडीची चाकोरी. मी दगडावर बसून लुगड्याचा काठ पिळला.

मान वर केली तेव्हा पाण्याच्या कडेला दोन पावलं उमटलेली होती. अनवाणी, बाईमाणसाची. बोटं अक्कलकोटाकडं. टाचा जास्त रुतलेल्या, कुणी वाट बघत एका जागी उभं राहिल्यावर रुततात तशा. त्यांच्यात हळूहळू पाणी भरत होतं.

आमच्याकडं मालकीण पुढं चालते आणि आंदणाची बाई मागून. माहेराला, देवाला, नदीला, बारा वर्षं आम्ही तशाच चाललो.

मी दगडावरून उठले.

पुढचं पाऊल उमटलं. मग त्याच्या पुढचं. मी थांबले, तर तीही थांबली.

चिठ्ठी जागेवर आहे ना ते चाचपलं, आणि तिच्या पावलांवर पाय पडू न देता मी तिच्या मागून चालू लागले.